चांद्याचा परळ

माणसांना जनावरांची बोली कळायची, पण ऐकायला सवड नसायची, त्या काळातली ही गोष्ट.

सटवाजी कुंभाराचा कुत्रा चांद्या खाताना कुणी जवळ आलं की दात दाखवायचा. "मालक कोण ते कळू दे याला," म्हणत सटवाजी रोज त्याच्या पुढ्यातला मातीचा परळ अर्ध्यातच उचलून न्यायचा. एकदा चांद्याने त्याच्या मनगटाचा चावा घेतला.

"सोडूनच येतो याला डोंगरापलीकडे!" सटवाजी ओरडला.

त्याची बायको तुळसा मात्र चांद्यापासून जरा लांब, जमिनीवर बसली. "का रे बाबा असं?"

"हात आला की घास जातो," चांद्या म्हणाला. "मग हाताची भीती वाटणार नाही तर काय?"

तुळसाने हे सटवाजीला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो परळ उचलेना. लांबूनच भाकरीचा जादा तुकडा परळात टाकायचा आणि निघून जायचा. हळूहळू तो जवळ येऊ लागला. दिवाळीपर्यंत त्याची चाहूल लागताच चांद्याचं शेपूट हलू लागलं.

मातीच्या गोण्या वाहणारं गाढव हे सगळं बघत होतं. ते हळूच म्हणालं, "तुळसाबाई, माझ्याकडे येणारा हातही एकदा गोणीशिवाय येऊ दे की. मग बघा, मी लाथ झाडतो का!"