साग आणि बगळ्याची झुंज

हरबाची जीभ घसरली आणि त्याच्यावर गाव सोडायची पाळी आली.

तो उदाजीराजांच्या तळ्याचा राखणदार. काठावर राजांचा लाडका साग होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्याकडे बोट दाखवून राजे म्हणाले, एका पायावर असं तप करणारा त्रिभुवनात दुसरा नाही. गप्प बसावं की नाही? पण पाण्यातला बगळा दाखवून हरबा बोलून गेला, "तो काय कमी आहे?"

राजे कुस्तीचे शौकीन. कुणाची ना कुणाची जोड लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लगेच हुकूम सुटला. उद्या सकाळी साग आणि बगळ्याची झुंज. उचललेला पाय जो आधी खाली टेकेल तो हरला. बगळा हरला, तर हरबाने राज्याबाहेर चालतं व्हायचं.

थोरली बहीण येसू घरी भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, बगळ्याचा पाय बांधून ठेवू का?"

"आधी तुझं तोंड बांध. उद्या मी बोलेन."

सकाळी काठावर मुंगीला वाट नव्हती. बगळ्याने एक पाय पोटाशी घेतला, मान आखडली. तेवढ्यात शेवाळात बेडूक हलला. बगळ्याने पाय टेकला, दोन ढांगा टाकल्या आणि बेडूक गट्ट!

राजांनी मांडीवर थाप मारली.

येसू पुढे झाली. "महाराज, एक गडी लंगोट कसून आखाड्यात उभा राहिला आणि त्याची जोड आलीच नाही, तर मानाचा नारळ कुणाला?"

"जो उतरला त्याला. यात विचारायचं काय?"

"मग सागाने उचललेला पाय मला दाखवा."

राजांनी बुंधा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "अगं, त्याला एकच पाय. तो उचलणार कुठला?"

"म्हणजे तो उतरलाच नाही. बगळा उतरला, उभा राहिला आणि न्याहारी करून मोकळाही झाला."

राजे इतके हसले, की पागोटं तळ्यात पडता पडता राहिलं. त्यांनी खांद्यावरचा जरीचा शेला येसूला दिला आणि यंदाच्या जत्रेत कुस्त्यांचा निकाल हीच देणार, असं तिथल्या तिथे जाहीर केलं.

"आणि माझा भाऊ?"

"राहू दे इथेच. पण बोलण्याआधी त्याने तुला विचारायचं!"