विजयघाटाचा साक्षीदार

"आमच्या आजोबांनी विजयघाटावर फिरंग्यांना धूळ चारली, याची साक्ष हवी!" भैरवगडचे राजे गरजले. "भाटांची नको. शत्रूने डोळ्यांनी पाहून लिहिलेली, आणि तीही मराठीत. पौर्णिमेपर्यंत मिळाली नाही, तर ग्रंथशाळेत हत्ती बांधू."

हैबती हा ग्रंथशाळेचा राखणदार, वाचनापेक्षा पेंगण्यात मुरलेला. दुसऱ्या कुठल्याच कामाला आपण लायक नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने फिरंग्यांच्या लिखाणाची जुनी भाषांतरं उपसली. विजयघाट कुठेच नाही! मग त्याने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, शत्रू त्या जागेला विजयघाट कशाला म्हणेल?" त्याने घाटाखालच्या कुंडी नदीचं नाव शोधलं आणि ते एका पाद्र्याच्या पत्रांत सापडलं. कुणा दुभाष्याने मराठीत उतरवलेलं ते जाडजूड बाड हैबती कित्येक वर्षं उशाला घेत होता.

मजकूर वाचून मात्र त्याची झोप उडाली. लपवावं तर हत्ती येणार, वाचावं तर मुंडकं जाणार. शेवटी बाड काखेत मारून तो दरबारात गेला.

"वाच," राजे म्हणाले.

"'आमची तोफ उडताच भैरवगडचा राजा पागोटं टाकून नदीपार पळाला. इतका चपळ माणूस मी पाहिला नाही.'"

राजांचा हात तलवारीकडे गेला. "आमचे आजोबा पळपुटे?"

"पुढे ऐका, महाराज. 'त्याच्याही पुढे एक शिंगवाला पळत होता, पळता पळता शिंग फुंकत.' तो माझा आजोबा. आमच्या घरी सांगतात, विजयाचं शिंग त्यानेच फुंकलं!"

"आणि हे तू चारचौघांत वाचतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना! पण तेव्हा दोघांचीही लग्नं व्हायची होती. दोघे तिथे पाय रोवून उभे राहिले असते, तर आज या सिंहासनावर कोण असतं? आणि हे बाड उशाला घेऊन पेंगायला कोण असतं?"

राजे असे खदखदून हसले की डोक्यावरचं पागोटं घसरलं.

"सांभाळा, महाराज," हैबती हळूच म्हणाला. "घराण्याची सवय आहे."

राजांनी डोळे पुसत ते पागोटं हैबतीच्याच डोक्यावर ठेवलं. "हत्ती राहू दे तिकडेच. याला कापसाची मऊ उशी द्या रे! ते बाड आता आम्हाला वाचायचंय."