फणस सोडलेलं अस्वल

झाडं तोंडावर बोलून दाखवायची, त्या काळातली गोष्ट. ढब्बू नावाचं अस्वल फणसावर चढलं, तसा म्हातारा फणस कण्हला, "लेका, वजन उतरव. माझी फांदी मोडेल, नि तुझी कंबर."

ढब्बूला ते फार लागलं. त्याने रानभर जाहीर केलं, "आजपासून फणस बंद! वासही घेणार नाही."

पण फणस आठवला की जीव कासावीस व्हायचा. मग तो विसरायला ढब्बू पोटभर जांभळं खाई, त्यावर पोळंभर मध चाटी. फणस तर सोडलाय, बाकीच्याला कोण विचारतो!

नवव्या दिवशी वास अनावर झाला. ढब्बू चढला आणि अख्खा फणस आठळ्यांसकट फस्त केला. दुसऱ्याला हात घातला, तोच फांदी कडाडली आणि फणसासकट तो खाली आदळला.

"मी वजन उतरव म्हटलं," झाड करवादलं, "मला सोडायला कधी सांगितलं? रोज चार गरे खाल्ले असतेस, तर फांदीही राहिली असती नि कंबरही."

कंबर चोळत ढब्बूने पडलेला फणस फोडला. चार गरे मोजून खाल्ले. हात पाचव्यापाशी जाऊन थबकला.

"उद्या भेटू हं," तो गऱ्याला म्हणाला आणि झटकन पाठ फिरवली. नाहीतर उद्याचा दिवस तेव्हाच उजाडला असता.