ताडपत्रीखालची मोटार

फार पूर्वी, म्हणजे राजाराणीच्या काळात नव्हे, तर मोटारीला हँडल मारून जागं करावं लागायचं त्या काळात, डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एक वैद्यबुवा राहत होते. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची काळी मोटार होती. साऱ्या गावात तेवढी एकच. आपल्या औषधाने भागणार नाही असं दिसलं की ते रोग्याला मोटारीत घालायचे आणि घाट उतरून तासाभरात तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचे. मोटार नसली तर तीच वाट झोळीतून पाच तासांची होती.

एकदा मोटार भर घाटात धूर ओकायला लागली. वैद्यबुवांनी ती गावातल्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीच्या हाताला असा गुण, की मेलेल्या इंजिनाने उठून बसावं. जीभ तर त्याहून गोड. त्याने इंजिनाला कान लावला आणि मान डोलावली.

"पिस्टनच्या रिंगा गेल्यात, वैद्यबुवा. शहरातून मागवतो. पंधरा दिवसांत मोटार तुमच्या दारात."

पंधरा दिवसांचा महिना झाला आणि महिन्याचे सहा झाले. वैद्यबुवा दर बाजाराच्या दिवशी चौकशीला जायचे. मोटारीवर ताडपत्री असायची आणि मिस्त्री दुसऱ्याच कुणाच्या पंपात डोकं घालून बसलेला असायचा.

"रिंगा आल्या नाहीत हो अजून. बसा, चहा घ्या."

वैद्यबुवा भिडस्त. चहा प्यायचे आणि घरी यायचे. ताडपत्री उचलून बघावी असं मनात यायचं, पण मिस्त्रीला वाईट वाटेल म्हणून राहून जायचं. आता बोला! मोटार यांची आणि संकोचही यांनाच.

सातव्या महिन्यात गावातल्या एका बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागलं. पोर आणि ती, दोघं कशीबशी वाचली. दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा तडक मिस्त्रीच्या शेडमध्ये गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ताडपत्री ओढली.

ते बघतच राहिले. इंजिन उघडं पडलेलं, त्यात पालीने अंडी घातलेली. मागची सीट गायब.

"सीट कुठाय?"

"न्हाव्याला दिलीय, चार दिवसांपुरती. त्याची खुर्ची मोडली होती ना."

वैद्यबुवांचा हात गालावर गेला. परवाच त्या सीटवर बसून त्यांनी दाढी करून घेतली होती, आणि वर न्हाव्याला म्हणाले होते, बैठक झकास आहे!

मग त्यांना टपावर एक खोकं दिसलं. वर शहरातल्या दुकानाचा शिक्का, सुतळीसुद्धा न सोडलेली. आत रिंगा होत्या.

"या कधी आल्या?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "झाले पाच महिने."

वैद्यबुवांनी खोकं मिस्त्रीच्या हातात ठेवलं. पाच महिने हा माणूस तोंडावर खोटं बोलत होता आणि आपण त्याचा चहा पीत होतो! शेवटी ते एवढंच म्हणाले, "आठ दिवसांत मोटार दे बाबा. माणसं मरतील."

"उद्याच हात घालतो," मिस्त्री म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला ते मनापासून वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळवाला आरडाओरडा करत आला. "माझा चरक बंद पडलाय! आत्ताच्या आत्ता चल, नाहीतर तुझी शेड मोडून टाकीन!"

मिस्त्रीने एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा गुऱ्हाळवाल्याकडे. वैद्यबुवा काय, समजून घेतील. तो पान्हे उचलून गुऱ्हाळावर गेला. तिथून एका रागीट पाटलाकडे, तिथून पिठाच्या गिरणीवर.

नवव्या दिवशी दुपारी मिस्त्रीची आई भाकरी थापता थापता कलंडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. मिस्त्री धावत जाऊन वैद्यबुवांना घेऊन आला. त्यांनी नाडी पाहिली.

"हे माझ्या आवाक्यातलं नाही. तालुक्याला न्यायला हवं, लगेच."

"मग मोटार काढा की, वैद्यबुवा!" मिस्त्री ओरडला. "नुसते बघताय काय? मोटार काढा!"

दारात माणसं जमली होती. वैद्यबुवा हळू आवाजात म्हणाले, "अरे, मोटार तुझ्याकडेच आहे."

मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांनी झोळी बांधली. दांड्याच्या पुढच्या टोकाला स्वतः वैद्यबुवांनी खांदा दिला, मागच्याला मिस्त्रीने. पाच तास घाट उतरताना कुणीही त्याला दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"फार उशिरा आणलंत," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आई जगली. पण तिची वाचा गेली ती गेलीच.

गावी परतल्यावर मिस्त्रीने शेडचं दार आतून लावून घेतलं. गुऱ्हाळवाल्याने बाहेरून शिव्या घातल्या, तरी ते उघडलं नाही. मग एका सकाळी हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला मोटार सुरू झाली. न्हाव्याकडची सीटही जागेवर आली होती. मिस्त्रीने मोटार वैद्यबुवांच्या दारात आणून उभी केली. सारं गाव बघायला जमलं.

"किती दिवस लागले?" वैद्यबुवांनी विचारलं.

मिस्त्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तीन," तो म्हणाला.

या गोष्टीचं तात्पर्य धरायचं ते असं: जो आपल्यावर ओरडत नाही, त्याचंही काम तितकंच अडलेलं असतं.