अंगठ्याचा दगड

कातळवाडीच्या तलावाचे पाणी उन्हाळ्यात तळाला गेले की बांधाच्या आतल्या अंगाला एक काळा दगड उघडा पडतो. त्यात वाटीएवढी खळी आहे. गावात येणारी नवी सून माप ओलांडण्याआधी इथे येते, सासरी निघालेली लेकही इथूनच निघते. दोघी त्या खळीत अंगठा ठेवतात. पाहुणे नारळ घेऊन येतात, तो त्यांनी खुशाल घरी न्यावा. इथे देव नाही.

हा बांध भिवबा गवंड्याने बांधला, असे सांगतात. बांधाच्या पोटात त्याने एक चोरवाट ठेवली होती. पूर चढला की बुडी मारून एक दगड उचकटायचा, मग पाणी शेजारच्या ओढ्याला लागे आणि बांधावरचा भार उतरे. पण दगड सारे एकसारखे. हवा तो कोणता, हे एकट्या भिवबाला ठाऊक. बुडी मारण्याआधी तो सगळ्यांना बांधावरून हाकलून देई. पाटलाने कितीदा विचारले, पण उत्तर ठरलेले. "मी हाय न्हवं." माणूस वाईट नव्हता. सांगून टाकले तर उद्या आपल्याला कोण विचारणार, ही भीती त्याच्या मनात घर करून होती.

एकुलती लेक येसू त्याने बांधाखालच्याच वस्तीवर दिली. निघताना ती म्हणाली, "आबा, मला तरी दावा. माझं घर बांधाच्या तोंडाशी हाय."

"तू आता दुसऱ्या घरची झालीस, पोरी. आन् भितीस कशाला? मी हाय न्हवं."

पुढे भिवबाच्या अंगावरून वारे गेले. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. त्याच पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. लोकांनी त्याला बाजेसकट बांधावर आणले. पोहणारे बुड्या मारून मारून थकले, हाताला सगळे दगड सारखेच लागत होते. भिवबा डावा अंगठा बाजेच्या लाकडावर घासत होता, म्हणे. म्हातारा गारठला असे वाटून कुणीतरी त्याच्यावर घोंगडे घातले आणि तो हात झाकला गेला. वस्तीवर निघून येण्याचा निरोप गेला होता. पण आबांना बांधावर नेलंय म्हटल्यावर येसू निर्धास्त झाली आणि घरातच राहिली.

बांध मधोमध फुटला. वस्ती गेली, येसूही गेली.

पाणी ओसरल्यावर भिवबाने खुणा करून स्वतःला उरलेल्या बांधापाशी न्यायला लावले. सर्वांदेखत त्याने डावा अंगठा एका दगडातल्या बारीकशा खळीत ठेवला. चोरवाटेच्या दगडाची खूण ती हीच, जेमतेम अंगठा मावेल एवढी. गावाने बांध पुन्हा घातला. पाणी खाली गेले की भिवबा स्वतःला त्या दगडापाशी न्यायला लावी आणि येईल त्याचा अंगठा धरून खळीत ठेवी. मरेपर्यंत त्याने दुसरे काही केले नाही.

आजही सुनेचा अंगठा खळीत ठेवताना सासू म्हणते, "मी नसंन तवा तू दाव." इतक्या अंगठ्यांनी झिजून ती खळी वाटीएवढी झाली आहे. आता गढूळ पाण्यातही ती कुणाच्याही हाताला लागते.