अर्धी दवंडी

फार जुनी गोष्ट आहे. एका गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दवंडी देणारा मात्र एकच होता.

त्याच्या घराण्यात तीन पिढ्या हलगी होती. चावडीवर जे बोललं जाईल ते ऐकायचं आणि गावभर फिरून सांगायचं, हे त्याचं काम. रानात गेलेल्यांना, घरकामात अडकलेल्या बायांना, अंथरुणाला खिळलेल्यांना गावाची खबर त्याच्याच तोंडून कळायची. कुणाकडून तो सुपारीचं खांडही घेत नसे. "माझ्या तोंडून खोटा शब्द निघाला तर हलगी फोडून टाका," असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता, हलगी थंड असली की बोलत नाही. चामडं शेकून ताणावं लागतं. लोहाराची भट्टी वरच्या आळीत होती. म्हणून चावडीवरून उठला की दवंडीवाला आधी तिथे जायचा आणि हलगी तापेपर्यंत बसायचा. भट्टीपाशी वरच्या आळीची चार माणसं कायम बसलेली असत. चावडीवर कोण शहाण्यासारखं बोललं, कोण खुळ्यासारखं, हे तिथे ठरे. दवंडीवाला मध्ये तोंड घालत नसे, नुसता ऐके. हलगी तापली की उठून गावात जाई.

एका वर्षी गावाला नवा कारभारी निवडायचा होता. वरच्या आळीतून एक मळेवाला उभा राहिला, खालच्या आळीतून एक विणकर. दोघांनीही चावडीवर आपापलं म्हणणं मांडलं. मळेवाला बोलायला पटाईत होता. विणकर अडखळत बोलायचा, मधेच थांबायचा, खाली बघायचा.

नेहमीप्रमाणे हलगी शेकली गेली आणि दवंडी फिरली.

"ऐका हो ऐका! मळेवाले म्हणाले, गावाला पक्का रस्ता करीन. आठवड्याचा बाजार भरवीन. जनावरांना पाण्याचा हौद बांधीन. लोकांनी मन लावून ऐकलं होऽ! मग विणकरानेही थोडी कुरकुर केली होऽ!"

खालच्या आळीत लोकांनी त्याला अडवलं.

"का रे, त्यांचा माणूस म्हणतो आणि आमचा कुरकुरतो होय?"

"खोटं काय सांगितलं, दाखवा," दवंडीवाला म्हणाला.

दाखवता कुणालाच आलं नाही; चावडी भरली तेव्हा अडवणारे सगळे रानात होते. पण मागून कुणीतरी ओरडलं, "वरच्या आळीचा भोंगा आहेस तू!" आणि सगळे हसले.

ते त्याला फार लागलं. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी तो खालच्या आळीतल्या गोधडी शिवणाऱ्या म्हातारीच्या दारात जाऊन बसला. तिला सगळे आत्या म्हणत. आत्याचे पाय गेले होते. चावडी तिने दहा वर्षांत पाहिली नव्हती. उंबऱ्यात बसून ती दवंडी ऐके आणि ऐकलेला शब्द न् शब्द तिच्या लक्षात राही.

"आत्या, तूच सांग," तो म्हणाला, "मी कधी खोटं बोललो?"

"नाही बाबा. कधीच नाही."

"मग ही माणसं मला भोंगा म्हणतात!"

आत्याने सुई गोधडीत खोचली आणि कालची दवंडी जशीच्या तशी म्हणून दाखवली. आवाजाचा चढउतारही तोच. शेवटी म्हणाली, "मळेवाल्याचं सांगायला तू तीन दम घेतलेस. विणकराचं सांगायला अर्धा. काय म्हणाला रे तो?"

"तो बोलतोच अडखळत. त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"ते मला कसं कळणार लेका? मी का तिथे होते? मी नव्हते म्हणून तर तू आहेस."



"आणि कुरकुर केली म्हणालास. तुला तशी ऐकू आली का ती?"

तो आठवू लागला. विणकर चावडीवर हळू बोलला होता, कुरकुरला नव्हता. मग तो शब्द आला कुठून? भट्टीवरून. हलगी तापत होती तेव्हा एकजण म्हणाला होता, "केली बाबा त्यानं पण कुरकुर." दुसरा म्हणाला होता, "विणकराला सगळीकडे तडेच दिसतात." सगळे हसले होते. दवंडीवालाही हसला होता. ते हसणं डोक्यात राहिलं आणि विणकराचं बोलणं निघून गेलं.

काय बरं बोलला होता विणकर? तळ्याच्या बांधाला, पाणी सोडायच्या मोरीपाशी, तडा गेला आहे. हात जाईल एवढा. रस्ता, बाजार नंतर बघू, आधी बांध.

 बांधाखाली खालची आळी होती, आणि तिच्या पलीकडे दोन्ही आळ्यांची शेतं.

"आत्या, चुकलं माझं," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

"मला सांगून काय उपयोग? मी एकटीनेच ऐकली होती का दवंडी?" आत्या म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली.

दुसऱ्या दिवशी निवड होती. हात वर करायचे आणि मोजायचे. त्या सकाळी दवंडीवाला भट्टीवर गेला नाही. आपल्याच अंगणात पाचट पेटवून हलगी शेकायला बसला. मळेवाला तिकडून चालला होता. तो थांबला.

"आज इकडेच? भट्टी काही विझली नाही आमची."

"आज इथंच बरं आहे."

"सांगणार काय आहेस?"

दवंडीवाल्याने सांगितलं. मळेवाला वाईट माणूस नव्हता. तो शेजारी उकिडवा बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, आज निवड आहे. आज असं बोललास तर लोक म्हणतील, हा खालच्यांना मिळाला. तीन पिढ्यांची अब्रू एका दवंडीत जाईल. बांध कुठे पळून जातोय? उद्या सांग."

बोलणं खोटं नव्हतं. अब्रू जाणार हे दवंडीवाल्यालाही दिसत होतं. हलगी गेली तर त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याने हलगी जाळावरून काढली.

"मळेवाले," तो म्हणाला, "हात आज वर होणार. उद्या सांगून ते खाली येतील का?"

तो उठला आणि थेट चावडीपुढे जाऊन उभा राहिला.

"ऐका हो ऐका! परवाची दवंडी अर्धी होती. अर्धी मीच ठेवली. विणकर कुरकुरला नव्हता, तो बोलला होता. काय बोलला ते ऐका होऽ!"

त्याने तड्याचं सांगितलं. वरच्या आळीत एकच गलका झाला. "विकला गेला! खालच्यांनी फोडला याला!" खालच्या आळीतल्यांनी टाळ्या पिटल्या, फेटे उडवले. दवंडीवाला थांबला नाही.

"विणकर पुढे म्हणाला, हा तडा आपल्याच आळीने पाडला. भिंती लिंपायला बांधाची माती आपणच उकरून नेली. म्हणून दुरुस्तीला खालच्या आळीने घरटी दोन माणसं द्यावीत होऽ!"

टाळ्या बंद पडल्या.

"अरे, हे कशाला सांगितलंस?" खालच्या आळीचा एक म्हातारा खेकसला. "चारचौघांत आमची लाज काढलीस!"

"तुमच्याच माणसाचं बोलणं आहे."

"असेना! एवढं गाळता आलं नाही तुला?"

"परवा गाळलं तेव्हा भोंगा म्हणालात."

सगळ्यांनी विणकराकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. "बोललो होतो मी," तो म्हणाला. "सगळं... सगळं बरोबर सांगितलं त्यानं."

मग मात्र दोन्ही आळ्यांचं बऱ्याच वर्षांनी एकमत झालं. काढून घ्या त्याची हलगी! वरची आळी म्हणाली, हा खालच्यांचा. खालची म्हणाली, हा पहिल्यापासून वरच्यांचाच.

पंचांतला सगळ्यात वडील माणूस काठी टेकत उठला. "हलगीचं नंतर बघू. आधी बांध बघू."

सगळा गाव बांधावर गेला. मोरीपाशी एका गड्याने हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा चिखलाने ओला होता.  निवड पुढे ढकलली. चार दिवस दोन्ही आळ्यांनी दगडमाती वाहिली. खालच्या आळीने घरटी दोन माणसं दिली, तोंड वाकडं करून का होईना.

पाचव्या दिवशी हात वर झाले. मळेवालाच निवडून आला, पण थोडक्या हातांनी. दरवर्षी आधी बांध तपासायचा, मग बाकीची कामं, असं त्याला चावडीवर कबूल करावं लागलं.

उरला हलगीचा प्रश्न. दवंडीवाल्याने ती स्वतःच आणून पंचांपुढे ठेवली. वरची आळी म्हणाली, नवा माणूस नेमा. खालची म्हणाली, नेमाच, पण आमच्यातला.

वडील पंचाने हलगी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"हा कुठे बसतो आणि कुठे घसरतो, ते आता गावाला ठाऊक झालं, आणि यालाही," तो म्हणाला. "नवा आणला तर त्याचं कळायला पुन्हा दहा वर्षं जातील. आणि चुकल्यावर तो आपलं चुकलं म्हणेल, याचा भरवसा कोण देतो?"

याचं तात्पर्य एवढंच: खोटं न सांगणारा माणूसही अर्धं सांगून गावाला बुडवू शकतो. म्हणून सांगणाऱ्याने आपण कुणाजवळ बसतो ते बघावं, आणि ऐकणाऱ्याने आपल्याला न आवडणारी अर्धी बाजूही ऐकून घ्यावी.