सरळ गेलेला गोळा

गोळे माणसांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. गोळे घरंगळवणाऱ्या देशोदेशीच्या खेळाडूंची स्पर्धा भरली होती. मोठ्या सभागृहात हिरवा गालिचा अंथरलेला, पलीकडच्या टोकाला एक छोटा पांढरा चेंडू. ज्याचा गोळा चेंडूच्या सर्वांत जवळ थांबेल, तो जिंकणार.

सुलभाताईंचे दोनच गोळे टाकायचे उरले होते. दोघांचीही एक बाजू जड, म्हणून ते हळू घरंगळताना वळत.

"मला जोरात सोडा, ताई," धाकटा म्हणाला. "वाकडं चाललं की लोक हसतात."

ताईंनी सोडला. तो नाकासमोर सुसाट धावला आणि चेंडूला मागे टाकून थेट गालिच्यापलीकडच्या खाचेत पडला.

थोरल्याला त्यांनी हळूच सोडलं. तो भलतीकडेच निघाला.

"गेला!" लोक हळहळले.

पण वेग ओसरला तसा तो वळत गेला आणि परक्या गोळ्यांना वळसा घालून चेंडूला अलगद टेकला.

"तू तर दुसरीकडे चालला होतास ना?" चेंडू म्हणाला.

"हळू झालो, तशी तुझी ओढ लागली."

चेंडूला शिवलेल्या गोळ्याला खडू लावायची रीत होती. ताईंनी थोरल्याला खडू लावला. मग धाकट्याला खाचेतून उचलून रुमालाने पुसलं.

"ताई, मी किती सरळ गेलो!"

"गेलास खरा, राजा. पण कुणाकडे?"